शेड, शॅडो आणि आपली सावली : ऑक्सफर्डच्या कोशाची एक परीक्षा

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवताना नववीच्या वह्यांत दरवर्षी न चुकता भेटणारे एक वाक्य आहे : ‘वुई एट अवर टिफिन इन द शॅडो ऑफ अ ट्री.’ यात दोष मुलांचा नाही. वर्गात सर्रास फिरणाऱ्या एका छोट्या इंग्रजी-मराठी कोशात शेड आणि शॅडो या दोन्ही शब्दांपुढे ‘सावली, छाया’ एवढेच छापलेले आहे, आणि मराठीत खरोखरच दोन्हींना सावलीच म्हणतात. अशा जोड्या उलगडण्यासाठी मी ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ वापरते. तिची २०२० साली निघालेली दहावी आवृत्ती या एकाच जोडीवर पारखून पाहावी, असे ठरवले.

हा कोश मुळातच परभाषकांसाठी रचलेला आहे. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना दोन सहकाऱ्यांसह तो सिद्ध केला. १९४२ मध्ये तो टोकियोत प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. शिकणाऱ्याचा पाय नेमका कुठे घसरतो, याची जाण त्यात आजही दिसते. शेडचा अर्थ तो उन्हाच्या अंगाने सांगतो : झाडाच्या किंवा इमारतीच्या आडोशामुळे जिथे ऊन पोहोचत नाही, अशी अंधारी, गार जागा. शॅडोचा अर्थ मात्र आकाराच्या अंगाने येतो : उजेडाच्या आड कोणी आल्यामुळे जमिनीवर किंवा भिंतीवर उमटणारी काळी आकृती. थोडक्यात, शेडमध्ये माणूस बसतो आणि शॅडो माणसाची पडते.

व्याख्येहूनही मोलाची मला तिच्याआधीची, नाम मोजता येण्याजोगे (गणनीय) आहे की नाही (अगणनीय) हे सांगणारी बारीक खूण वाटते. गारव्याच्या अर्थाने शेड अगणनीय आहे, म्हणून त्याला ‘अ’ लागत नाही. आकृतीच्या अर्थाने शॅडो गणनीय आहे, कारण दोन दिव्यांपुढे एकाच माणसाच्या दोन शॅडोज पडतात. रंगाची छटा म्हणून आलेली शेड पुन्हा गणनीय होते, आणि साडीच्या दुकानात ‘यातच जरा फिकी शेड दाखवा’ म्हणणाऱ्यांना तो अर्थ आधीच ठाऊक असतो.

मात्र एकभाषी कोशाला आपली ‘सावली’ ठाऊक असण्याचे कारण नाही, तिथे शिक्षकालाच पुढे व्हावे लागते. मी शून्य सावलीच्या दिवसाचा दाखला देते. पुण्यात १३ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि अंगणात सरळ रोवलेल्या काठीची सावली क्षणभर दिसेनाशी होते. त्याच वेळी कडुनिंबाखाली जाऊन उभे राहावे, तर सावली असतेच. नाहीशी झाली ती शॅडो, उरली ती शेड. हे एकदा डोळ्यांसमोर आले की मुले पुन्हा सहसा चुकत नाहीत.

खरी कसोटी लागते ती वाक्प्रचारांत. एका मुलीने आजोबांवरच्या निबंधात, त्यांच्या सावलीत वाढले हे सांगायला ‘इन माय ग्रँडफादर्स शॅडो’ असे मोठ्या मायेने लिहिले होते. मराठीत वडीलधाऱ्यांची सावली म्हणजे आधार आणि माया. इंग्रजीत कोणाच्या शॅडोमध्ये राहणे म्हणजे त्याच्या मोठेपणामुळे आपण झाकोळले जाणे. कोशात शॅडोच्या नोंदीखाली हा वाक्प्रचार अर्थासह दिलेला आहे. तो मी तिला वाचायला दिला आणि दोघींनी मिळून ते वाक्य सावलीचा शब्दच न आणता, आजोबांनी मला जपले, अशा सरळ अर्थाने पुन्हा लिहिले.

जाडजूड असल्यामुळे हा ग्रंथ रोज दप्तरातून नेण्याजोगा नाही, आणि व्याख्या मोजक्या, सोप्या शब्दांत असल्या तरी आठवीच्या आतल्या मुलाला त्या एकट्याने पेलणार नाहीत. पण नववी-दहावीच्या प्रत्येक वर्गाच्या कपाटात याची एक प्रत हवीच, आणि ते कपाट कुलूपबंद नसावे.