सात महिने फोनवरचं हार्ट कोचिंग: ६८ वर्षांच्या माणसाचा अनुभव

दिवाळीनंतर ॲन्जिओप्लास्टी झाली. घरी आलो तर पोरीनं पुण्याहून ऑनलाइन कोचिंग लावूनच दिलं. आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, रोजचं बीपी आणि चालणं ॲपमध्ये भरायचं.

ॲपबद्दल आधीच सांगतो, भंगार आहे. अक्षरं मुंगीएवढी. जेवणाच्या यादीत किनोआ आहे, ज्वारीची भाकर नाही. तर्री-पोह्याचं तर नावच काढू नका. शेवटी मी वहीत लिहून फोटो पाठवू लागलो.

कोच बाई मात्र पक्क्या. पहिल्याच कॉलला म्हणाल्या, "काका, मशीन माझ्यासमोर लावा." मी जिना चढून आलेलो, बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. १५८/९२! त्यांनी बाही वर करायला लावली, पाठ टेकवली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पाच मिनिटं तोंड बंद. (हिला हसू आवरेना.) मग आलं १३८/८४. इतके दिवस उगाच घाबरत होतो.

मग मीठ. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, पण मोजणार कोण? बाई म्हणाल्या, किलोची पुडी फोडली की तिच्यावर तारीख घाला. आम्ही दोघंच, म्हणजे पुडी शंभर दिवस तरी पुरायला हवी. आमची ५४ दिवसांत संपली, आणि त्यात बाजारचे पापड, शेव, लोणचं धरलेलंच नाही! आताची पुडी ८३ व्या दिवशीही शिल्लक आहे.

तक्रार एकच, पण मोठी. एप्रिलात न सांगता कोच बदलला. नवा पोट्टा कुठल्या थंड गावचा, देव जाणे. मे महिन्यात म्हणे सकाळी साडेआठला नागपूरच्या फुटाळा तलावावर चाला! अरे बाप्पा, तोवर इथं ऊन चटके देते. त्यात माझी लघवी वाढवणारी गोळी चालू, म्हणजे अंगातलं पाणी आणखी कमी. दोनदा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, बीपी १००/६०. ॲपनं त्याला हिरवी खूण दिली! तसाच डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी गोळी कमी केली.

भांडून जुन्या बाई परत मागून घेतल्या. आता पहाटे पाचला निघतो. ठोके कमी ठेवायची गोळी असल्यानं नाडी मोजून वेग ठरवत नाही. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढंच बघतो. शेजारचे काका सोबत असले की बोलायची पाळीच येत नाही, ते वेगळं.

पुढच्या तीन महिन्यांचे पैसे भरले, पण कोच याच राहतील असं लिहून घेतल्यावरच.