गेको खात नव्हती आणि विकणारा औषधं विकत राहिला

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. गेल्या नोव्हेंबरात लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला तिला लेपर्ड गेको घेतली. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ भागातली ही पाल. आपल्या घरातल्या पालीसारखी भिंतीवर चढत नाही, डोळ्यांना पापण्या असतात, आणि हातावर घेतली तर शांत बसते. लेकीने नाव ठेवलं चिंगी.

ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं होतं: एक वर्षाची मादी, खाणंपिणं उत्तम, काचेची टाकी आणि तिला खालून ऊब देणाऱ्या हीट मॅटसकट १४० पौंड. मी ती खातानाचा व्हिडिओ मागितला, विकणाऱ्याने लगेच पाठवला. निळ्या चिमट्यातली अळी तिने झडप घालून खाल्ली. आम्ही बँकेतून पैसे पाठवले आणि संध्याकाळी एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जाऊन तिला घेऊन आलो. त्या उजेडातही शेपूट बारीक दिसत होती. मी विचारलं, तर म्हणाला, "अजून वाढतेय ती." मनात शंकेची पाल चुकचुकली होती. पण लेक डबा छातीशी धरून गाडीत बसलीसुद्धा होती.

लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवते. धडधाकट जनावराची शेपूट मानेइतकी तरी जाड असते. हे मी आधी वाचायला हवं होतं.

दहा दिवस चिंगीने काही खाल्लं नाही. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, नवीन घरात आठवडा-दोन आठवडे खात नाहीत, कात टाकायच्या आधीही खात नाहीत. हे खरंच आहे, आणि म्हणूनच मी त्याच्या पुढच्या बोलण्यावरही विश्वास ठेवला. आधी त्याने 'भूक वाढवणारे थेंब' पाठवले, १८ पौंडांचे. बाटलीवर आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. थेंबांनी काही झालं नाही, तेव्हा २२ पौंडांची पावडर आली: पाण्यात कालवा आणि सिरिंजने तोंडात सोडा. मी ते केलं. चार दिवस, रोज, तिचं तोंड उघडून. ती मान वळवायची, मी पुन्हा सरळ करायचे. ते आठवलं की आजही पोटात तुटतं. पाचव्या दिवशी तो म्हणाला, हिच्यात दम नाही, ६० पौंड द्या, दुसरी देतो.

त्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. वजन भरलं २९ ग्रॅम. मोठी मादी साधारण ५० ग्रॅमच्या आसपास तरी असावी. डॉक्टरांनी पावडरचा डबा बघितला आणि बाजूला ठेवला. ती पावडर फळं खाणाऱ्या क्रेस्टेड गेकोसाठी असते. लेपर्ड गेको किडे खाते, जिवंत आणि हलणारे. शिवाय सिरिंजने घातलेलं श्वासनलिकेत गेलं असतं तर ती तिथेच गेली असती. विष्ठा तपासली, त्यात काही निघालं नाही.

आजार निघाला टाकीत. काचेला चिकटवलेला थर्मामीटर ठीक दाखवत होता, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून मॅटवरच्या फरशीवर तापमान मोजायचा प्रोब ठेवला तर जेमतेम २३ अंश. जुनी मॅट जवळजवळ बंदच पडली होती. या पालीला पोटाखाली ३१-३२ अंशांची ऊब लागते, नाहीतर खाल्लेलं पचतच नाही. थंडीत पोट बंद ठेवून ती स्वतःला वाचवत होती, आणि मी बळेच भरवत होते. टाकीतली बारीक वाळूही काढायला सांगितली, ती गिळली तर आतडं तुंबू शकतं.

मग नवी मॅट आणली, ऊब ठरावीक ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटसकट. वाळूच्या जागी किचन पेपर. लपायला तीन जागा: एक उबदार, एक गार, एक ओलसर. आठवडाभर तिला हातही लावला नाही. मग रोज तिन्हीसांजेला, ती बाहेर यायच्या वेळी, कॅल्शियम पावडर लावलेला एकच छोटा रातकिडा चिमट्याने तिच्यापुढे हलवायचा. दिवे मंद, आवाज नाही. नवव्या दिवशी तिने मान वर केली, शेपटीचं टोक थरथरलं आणि रातकिडा गेला. लेक रडली, मीही.

व्हिडिओचं लेकीनेच ओळखलं. पुन्हापुन्हा बघून ती म्हणाली, "आई, ही चिंगी नाहीच." चिंगीच्या दोन डोळ्यांमध्ये काळी चंद्रकोर आहे, व्हिडिओतल्या पालीच्या कपाळावर नुसते सुटे ठिपके. प्रत्येक गेकोचे ठिपके वेगळे असतात. विकणाऱ्याला विचारलं, तर त्याने नंबर ब्लॉक केला. पैसे बुडाले.

इंग्लंडमध्ये २०१८ पासून धंदा म्हणून पाळीव प्राणी विकायला कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, परवाना लागतो आणि जाहिरातीत त्याचा क्रमांक द्यावा लागतो. त्याच्या जाहिरातीत तो नव्हता. मी कौन्सिलकडे तक्रार केली आहे. घेणार असाल तर पाल तिच्याच टाकीत, तुमच्या डोळ्यांदेखत खाताना बघा, शेपूट बघा, वजन करायला लावा. न खाणाऱ्या पालीवर कुणी थेंब विकू लागला तर आधी फरशीचं तापमान मोजा आणि मग थेट डॉक्टर गाठा.

चिंगी आता ५१ ग्रॅमची आहे. गेल्या आठवड्यात मला दुसऱ्याच नावाने टाकलेली एक जाहिरात दिसली. खाली तोच व्हिडिओ आहे: निळा चिमटा, आणि कपाळावर सुटे ठिपके असलेली ती पाल.