ट्रेलरच्या फ्लोअरिंगखाली काय भरलंय ते झाकण्याआधी बघा

कॅम्पर ट्रेलरचं, म्हणजे गाडीमागे ओढायच्या राहत्या खोलीचं, फ्लोअरिंग नव्याने करून घेणार असाल तर हे आधी वाचा. माझ्याकडून २५ मिमी एक्सपीएस फोमचे (थंडी अडवणाऱ्या कडक फोमच्या शीटचे) पैसे घेतले आणि आत घातलं भलतंच, तेही इतक्या सफाईने की थंडी पडेपर्यंत पत्ता लागला नाही.

ठरलं होतं ते असं: मूळ तळावर एक्सपीएसच्या शीट, त्यावर ९ मिमी मरीन प्लाय (ओल सोसणारी) आणि वर २ मिमी व्हिनाइल. ट्रेलरच्या तळाला खालून थेट वारा लागतो, म्हणून आत पाय गार पडतात. एक्सपीएसमधले हवेचे कप्पे बंद असतात, त्यामुळे तो पाणी जवळपास शोषत नाही आणि माणसाच्या वजनाने दबतही नाही. कारागिराने सगळ्याला होकार दिला. कोटेशनवर मात्र ‘इन्सुलेटेड फ्लोअरिंग’ एवढेच दोन शब्द होते. काम झाल्यावर वरून सगळं सुरेख दिसत होतं.

थंडीत रात्री अनवाणी पाय टेकवेना. मग चालताना प्लायच्या जोडावर करकर सुरू झाली, व्हिनाइलवर तिथेच रेघ उमटली आणि बिछान्याखालून कुबट वास यायला लागला. “नवीन आहे, बसायला वेळ लागतो,” हे त्याचं उत्तर. शेवटी एक कोपरा उचकटला. खाली फॉइलची बुडबुडेवाली शीट होती आणि मध्येमध्ये सामानाच्या खोक्यात भरतात तसला मऊ पांढरा फोम. प्लायही साधीच, खालून बुरशीने काळी पडलेली.

ती चकचकीत फॉइल दाखवूनच अनेकांना गंडवलं जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. फॉइल उष्णतेचे किरण परतवते, पण त्यासाठी तिच्यासमोर हवेची पोकळी लागते. तळ आणि प्लाय यांच्यात चेपून बसवली की चकाकीचा काहीही उपयोग होत नाही. उरतो तो बुडबुड्यांचा काही मिमीचा थर. मऊ फोम तर पावलागणिक दबतो, प्लाय वरखाली होते आणि जोड उकलतात. भरीला श्वासाची नि स्वयंपाकाची वाफ थंड तळाशी पाणी होऊन साचते, आणि तिथे ते वाळायला वावच नसतो.

ही चोरी साध्या टेपने पकडता येते. जुना थर काढल्यावर छतापासून तळापर्यंतची उंची तीन-चार जागी मोजा आणि कारागिरासमोर लिहून ठेवा. काम झाल्यावर २५, ९ आणि २ मिळून ती ३६ मिमीने कमी झालीच पाहिजे. माझ्या ट्रेलरमध्ये कपाटाखाली जुना तळ तसाच होता. तिथून मोजलं तर फरक २० मिमीसुद्धा भरला नाही. शीट आल्या की अंगठ्याने जोरात दाबून बघा. एक्सपीएसवर जेमतेम खूण उमटते, मऊ फोम लगेच चेपतो. प्लायवरचा शिक्का वाचा, फोटो काढा.

फोटो आणि मापं समोर ठेवल्यावर त्याने थोडे पैसे परत केले. सगळं उपसून पुन्हा करण्याचा खर्च माझ्याच माथी आला. तुम्ही मालाचं नाव आणि प्रत्येक थराची जाडी कोटेशनवर लिहून घ्या, आणि प्लाय ठोकण्याआधी तुम्हाला बोलवायचं, हेही त्यातच लिहा. “तुम्ही कशाला त्रास घेता” म्हणून जो हे टाळेल, त्याच्याकडे ट्रेलर सोडू नका.