डॉट नेटच्या कंटेनरची झडती : आठ महिन्यांच्या वापरानंतर

महिनाअखेर आली की अकाउंट्सच्या मॅडमचा फोन ठरलेला. "अहो, काल दुरुस्त केलेलं इन्व्हॉइस रिपोर्टात अजून जुन्याच रकमेचं दिसतंय." आम्ही अॅप रीस्टार्ट करायचो, रक्कम बरोबर यायची आणि विषय पुढच्या महिन्यावर जायचा. काही महिने हेच चाललं. शेवटी एका शनिवारी बसून शोधलं.

आमचं अॅप मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर आहे. त्यात काम करणारे क्लास, म्हणजे सर्व्हिसेस, कंटेनर नावाच्या भागाकडे नोंदवायच्या आणि लागेल तिथे तो त्या बनवून हातात देतो. रिपोर्टची सर्व्हिस सिंगलटन म्हणून, म्हणजे अख्ख्या अॅपला एकच प्रत अशी, नोंदवलेली होती आणि तिच्या फॅक्टरी लॅम्डात (सर्व्हिस हाताने बनवून देणारा छोटा कोड) कुणीतरी डीबी-कॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) मागून घेतला होता. डीबी-कॉन्टेक्स्ट स्कोप्ड असतो, म्हणजे एका रिक्वेस्टपुरता जगतो. तो सिंगलटनच्या तावडीत सापडला की प्रोसेस बंद होईपर्यंत सुटका नाही. एकदा वाचलेली एंटिटी (डेटाबेसमधली ओळ) तो धरून ठेवतो आणि नंतर तीच क्वेरी पुन्हा मारली तरी हातातल्या जुन्याच किमती परत देतो. मॅडमचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

मग कंटेनरच्या दोन तपासण्या चालू केल्या : व्हॅलिडेट-स्कोप्स आणि व्हॅलिडेट-ऑन-बिल्ड. पहिली स्कोप्ड सर्व्हिस सिंगलटनमध्ये शिरू देत नाही. दुसरी डॉट नेट कोअर ३.० पासून आहे. अॅप सुरू होतानाच ती प्रत्येक नोंदीला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी कंटेनरकडे आहेत का ते बघते. डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमध्ये या दोन्ही आपोआप चालू असतात. मग आमच्याकडे इतकी वर्षं गप्प का? कारण लॉंच सेटिंग्जमध्ये (अॅप आपल्या मशीनवर कसं सुरू करायचं ती फाइल) एन्व्हायर्नमेंटचं नाव 'लोकल' होतं. कधी ठेवलं, कुणी ठेवलं, देव जाणे. फ्रेमवर्क 'डेव्हलपमेंट' हा शब्द शोधतं, तो सापडला नाही की तपासणी नाही. तुमच्याकडे काही वेगळं नाव असेल तर हे आधी बघा, बाकीचं नंतर वाचा.

आता आम्ही दोन्ही सगळीकडे चालू ठेवल्या आहेत, प्रॉडक्शनमध्येही. सुरू व्हायला लागणाऱ्या वेळात आम्हाला तरी फरक जाणवला नाही. पहिल्या दिवशी मात्र अॅप उठलंच नाही. एररचा हा एवढा मोठा गठ्ठा. त्यातली बरीचशी खोगीरभरती निघाली : क्लास आहे, नोंद आहे, पण कन्स्ट्रक्टरला (क्लासचा ऑब्जेक्ट बनवणारा कोड) लागणारी गोष्ट कधीच काढून टाकलेली, आणि ती सर्व्हिस कुणी मागतही नाही. दोन बॅकग्राउंड सर्व्हिसेस, त्याही सिंगलटनच, थेट डीबी-कॉन्टेक्स्ट घेत होत्या. त्यांना स्कोप-फॅक्टरी देऊन प्रत्येक फेरीला नवा स्कोप उघडायला लावला.

इथपर्यंत खूश होतो. पण ज्या रिपोर्टमुळे हे सगळं सुरू झालं, त्याची चूक गठ्ठ्यात नव्हतीच! व्हॅलिडेट-ऑन-बिल्ड फॅक्टरी लॅम्डाच्या आत डोकावत नाही. तो रिपोर्ट उघडला तेव्हा कुठे व्हॅलिडेट-स्कोप्सने एरर फेकली. ओपन जेनेरिक नोंदीही (ज्यांत टाइप अजून ठरलेला नसतो) व्हॅलिडेट-ऑन-बिल्ड सोडून देते. कंट्रोलर (वेब रिक्वेस्ट हाताळणारे क्लास) तर मुळात कंटेनरमध्ये नोंदलेलेच नसतात, ते आणायला 'अॅड-कंट्रोलर्स-अॅज-सर्व्हिसेस' लागतं. सगळं हिरवं दिसलं म्हणून निवांत बसू नका.

म्हणून पुढची पायरी, आणि माझ्या मते खरी किंमत इथेच वसूल झाली. सर्व्हिस-कलेक्शन, म्हणजे कंटेनरकडच्या सगळ्या नोंदी, ही शेवटी एक साधी यादी आहे. एका टेस्टमध्ये आम्ही ती पकडतो, आमच्या नेमस्पेसमधल्या, म्हणजे आमच्याच कोडच्या, नोंदी गाळून घेतो आणि प्रत्येकीची एक ओळ मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो : सर्व्हिस, लाइफटाइम (ती किती काळ जगते), क्लास. फॅक्टरी असेल तर क्लासच्या जागी नुसतं 'फॅक्टरी'. ही फाइल कोडबरोबर रेपोत असते. कुणी नोंद बदलली की टेस्ट पडते, फाइल बदलावी लागते आणि रिव्ह्यूमध्ये तो बदल डोळ्यांसमोर येतो. कोड चाळीस-पन्नास ओळींचा. सुरुवातीला टीमने नाकं मुरडली, "अजून एक फाइल सांभाळा."

एक चूक मीच केली. फाइल नीटनेटकी दिसावी म्हणून ओळी अकारविल्हे लावल्या. पुढे एका मर्जमध्ये नोंदी करणाऱ्या दोन एक्स्टेंशन मेथड्सची अदलाबदल झाली आणि एसएमएस पाठवणाऱ्या खऱ्या सर्व्हिसनंतर टेस्टिंगची पोकळ सर्व्हिस नोंदली गेली. एकाच इंटरफेसच्या दोन नोंदी असल्या की शेवटची जिंकते. एसएमएस बंद, एरर शून्य, आणि माझ्या सुंदर यादीत काडीचा बदल नाही. तेव्हापासून ओळी नोंदीच्याच क्रमाने. आणि जिथे आधीची नोंद टिकवायची तिथे 'ट्राय-अॅड'.

अजून एक दुखणं दोन्ही तपासण्यांच्या नजरेतून सुटतं. टाइप्ड एचटीटीपी क्लायंट (दुसऱ्या सर्व्हरशी बोलणारा क्लास) ट्रान्झियंट, म्हणजे दर मागणीला नवा, असतो. तो सिंगलटनमध्ये घेतला तर कुणी हरकत घेत नाही, कारण नियम फक्त स्कोप्डचा आहे. पण क्लायंट-फॅक्टरी दर २ मिनिटांनी हँडलर (प्रत्यक्ष कनेक्शन सांभाळणारा भाग) बदलते ती डीएनएसमधले (सर्व्हरच्या नावावरून पत्ता देणारी व्यवस्था) बदल कळावेत म्हणून. सिंगलटन मात्र जुनाच हँडलर कवटाळून बसतो. आता यादीवरूनच शोधतो : सिंगलटन क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये टाइप्ड क्लायंट दिसला की टेस्ट लाल.

डॉट नेट ८ मध्ये कीड (keyed) सर्व्हिसेस, म्हणजे किल्ली लावून नोंदवलेल्या, आल्या तेव्हा यादी लिहिणारा कोड थोडा बदलावा लागला. ती नोंद कीड आहे का ते आधी विचारायचं आणि क्लास वेगळ्या प्रॉपर्टीतून वाचायचा. अर्ध्या तासाचं काम.

छोट्या, वीस-तीस नोंदींच्या प्रोजेक्टला फाइलबिइल नको, दोन तपासण्या पुरे. आमच्याकडे चारशेच्या आसपास नोंदी आहेत. मॅडमचा फोन अजून येतो, पण आता पीएफच्या कॉलमसाठी. यादीत 'फॅक्टरी' लिहिलेल्या अकरा ओळी शिल्लक आहेत, त्यातल्या चार माझ्याच हातच्या.