हॉफस्टेड की ग्लोब? सांस्कृतिक अंतराचे आकडे घेताना

परदेशी गुंतवणूक किंवा संयुक्त उपक्रमांवर प्रबंध लिहायला घेतला की सांस्कृतिक अंतराचा, म्हणजे दोन देशांच्या संस्कृती किती वेगळ्या हे आकड्यात सांगणारा, स्तंभ चुकत नाही. आकडे कुठून घ्यायचे, एवढंच ठरवायचं असतं. मुख्य पर्याय दोन: डच संशोधक हॉफस्टेड यांचे देशवार गुण, आणि संस्कृती व नेतृत्वावरच्या ‘ग्लोब’ या आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पाचे गुण. मी दोन्ही संच वापरलेत.

कागदावर ग्लोब सरस, यात वाद नाही. हॉफस्टेडचा पाया म्हणजे १९६७ ते १९७३ या काळात एकट्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. ग्लोबने ६२ समाजांतल्या सुमारे १७,००० व्यवस्थापकांना गाठलं, तेही साडेनऊशेच्या आसपास संस्थांमधून. शिवाय २००४ साली आलेला ग्लोबचा ग्रंथ संदर्भयादीत भारदस्त दिसतो, हेही खरंच.

पण ग्लोबमध्ये प्रत्येक मितीला, म्हणजे संस्कृतीच्या मोजलेल्या प्रत्येक पैलूला, दोन गुण आहेत: समाजात प्रत्यक्ष कसं चालतं आणि कसं चालायला हवं. नऊपैकी सात मितींत हे दोन उलट दिशांना जातात. अनिश्चितता टाळण्याच्या (अनिश्चित परिस्थिती समाजाला किती नकोशी वाटते, या) मितीपाशी तर वैताग येतो. हॉफस्टेडकडे ग्रीस ११२ गुणांसह सगळ्यांच्या वर, सिंगापूर ८ गुणांसह तळाला. ग्लोबच्या ‘प्रत्यक्ष’ स्तंभात सिंगापूर वरच्या टोकाला आणि ग्रीस पार खाली. ‘हवं’चा स्तंभ उघडा, ग्रीस पुन्हा सिंगापूरच्या वर! हा गुण मी रिग्रेशनमध्ये (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजणाऱ्या सांख्यिकी विश्लेषणात) घातला, तेव्हा स्तंभ बदलला की सहगुणकाचं चिन्हच फिरायचं, म्हणजे संबंध उलटाच दिसायचा. मग हाच स्तंभ का घेतला, याचं स्पष्टीकरण देण्यात निबंधाची पानं खर्ची पडायची आणि मूळ प्रश्न बाजूला राहायचा.

हॉफस्टेडची दुखणी सगळ्यांना पाठ आहेत. आकडे जुने, कंपनी एकच. दोन वाक्यांत कबुली देऊन पुढे जाता येतं. मितींमधले फरक एकत्र करून दोन देशांतल्या अंतराचा एकच आकडा काढणारं कोगुट आणि सिंग यांचं १९८८चं सूत्र याच आकड्यांवर बेतलेलं, त्यामुळे आपले निकाल जुन्या अभ्यासांशेजारी ठेवून बघता येतात. (अ देशापासून ब देश जितका दूर, तितकाच ब पासून अ, हे या सूत्रातलं गृहीतक लंगडं आहे असं संशोधक शेंकर यांनी २००१ मध्ये दाखवलं. पण ते दुखणं सूत्राचं. ग्लोबचे आकडे घालूनही ते जात नाही.)

तुमचा विषयच नेतृत्व किंवा संस्थेतली संस्कृती असेल, तर ग्लोबला पर्याय नाही असं मीही म्हणेन. संस्कृती नुसती नियंत्रक चल म्हणून, म्हणजे मुख्य प्रश्न दुसराच असताना तिचा परिणाम वेगळा काढण्यापुरती, हवी असेल, तर मी तरी हॉफस्टेडच घेतो. आणि ग्लोब घेणारच असाल, तर कुठला स्तंभ ते निकाल बघण्याआधी लिहून ठेवा.