हंगामाच्या मध्यात कोच काढलाय: आता बाहेरचा आणायचा की घरचाच पुढं करायचा?

फुटबॉल टीमचा कोच काढावा की ठेवावा यावर मी काही बोलणार नाही. तो वाद तुमच्या कमिटीत आधीच चार बैठकांना पुरलाय, आणि तुम्ही हे वाचताय म्हणजे पत्र टाइप झालेलं आहे, सही तेवढी राहिलीय. खरा घोळ त्याच्या पुढचा. उद्याच्या प्रॅक्टिसला शिट्टी कुणाच्या गळ्यात? बाहेरून नवा माणूस आणायचा, की इतके दिवस मैदानात प्लास्टिकचे कोन मांडणाऱ्या आणि बॉलमध्ये हवा भरणाऱ्या असिस्टंटच्या हातात टीम द्यायची?

मी दोन्ही करून बघितलंय. कोल्हापुरात एका तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, फुटबॉल टीमचा मॅनेजर म्हणून मी सहा हंगाम काढले. त्यात दोनदा कोच अर्ध्यातून गेला. पहिल्यांदा आम्ही बाहेरगावचा, लायसन्सवाला कोच आणला. दुसऱ्यांदा असिस्टंटलाच पुढं केलं. अनुभव दोनच वेळचा, त्यामुळं याला अभ्यास वगैरे म्हणू नका. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून जेवढं कळलं तेवढं सांगतोय.

पैशाचं पटकन उरकतो. बाहेरचा महाग पडतो, हे सांगायला मी कशाला पाहिजे. जुन्याचा हिशेब, नव्याचं मानधन, त्याची खोली, त्याचं जेवण. पण पैशावरून हा निर्णय घेऊ नका. तळाला गेलेल्या टीमसाठी वर्गणी मागताना जी तोंडं बघावी लागतात, त्यापुढं खोलीभाडं काहीच नाही.

दोन्ही पर्याय एकाच टीमवर, एकाच हंगामात बघायचे असतील तर मँचेस्टर युनायटेडचं २०२४-२५ काढा. मे महिन्यात मँचेस्टर सिटीला हरवून इंग्लंडचा एफए कप जिंकला म्हणून कोच एरिक टेन हागला ठेवलं, वर करारही वाढवला, आणि २८ ऑक्टोबरला काढलं. तेव्हा नऊ सामन्यांत तीन विजय, टीम चौदावी. जागा भरायला आला असिस्टंट, रुड व्हॅन निस्टलरॉय. क्लबसाठी १५० गोल केलेला माणूस, म्हणजे घरचाच. चार सामने त्याच्याकडे होते. तीन जिंकले, एक बरोबरीत, हार एकही नाही. मग लिस्बनच्या स्पोर्टिंगहून रुबेन आमोरिम आला, जोरदार नाव घेऊन. त्याला खरं तर हंगाम संपल्यावर यायचं होतं. वरच्यांनी सांगितलं, आत्ताच, नाहीतर नाही. त्यानं आपली तीन सेंटर बॅकची, म्हणजे मागं मधोमध तीन बचावपटूंची, पद्धत लावली, ती ज्या पोरांना कधी शिकवलीच नव्हती अशा पोरांवर. शेवट ४२ गुणांवर, पंधरावा नंबर. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून युनायटेड एवढं खाली कधी गेलं नव्हतं. युरोपा लीगची फायनलही टॉटनहॅमकडून १-० अशी गेली.

एवढं वाचून कमिटीत जाऊन टेबलावर हात आपटू नका. व्हॅन निस्टलरॉयचे चारही सामने ओल्ड ट्रॅफर्डवरचे, म्हणजे घरच्या मैदानावरचे होते, आणि त्यातले दोन एकट्या लेस्टर क्लबशी. चार सामन्यांवरून माणूस कळत नाही. आमच्याकडे चार सामन्यांत चौकातले कट्टे माणसाला देव करतात, पाचव्याला तेच खाली उतरवतात.

पण गंमत पुढंच आहे. आमोरिमनं व्हॅन निस्टलरॉयला स्टाफमध्ये ठेवलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी लेस्टरनं त्याला उचललं, ज्यांना त्यानं नुकतंच दोनदा हरवलं होतं त्यांनीच. लेस्टरनं आपला कोच स्टीव्ह कूपरला काढलं होतं, तेही टीम सोळावी असताना, म्हणजे अजून पाण्याच्या वर नाक होतं. तिथं हाच माणूस बाहेरचा होता. पहिला सामना वेस्ट हॅमशी ३-१ जिंकला, लोक खूश. त्यानंतर घरच्या मैदानावर लीगचे सलग नऊ सामने हरले, आणि त्या नवांत एक गोल नाही. २५ गुणांवर अठरावे, खालच्या लीगमध्ये रवाना. माणूस तोच, डोकं तेच, हंगामही तोच. एका ठिकाणी घरचा होता, दुसऱ्या ठिकाणी परका. मला यातून जे दिसतं ते दिसतं. टीममध्येच दम नव्हता असं कुणी म्हटलं तर तेही खोडून काढता येणार नाही.

आता माझ्या विरोधातली बाजू. आमोरिम सोडून गेल्यावर स्पोर्टिंगनंही घरचाच माणूस लावला, बी टीमचा कोच जुआंव परेरा. आमोरिमनं लीगचे पहिले अकराच्या अकरा सामने जिंकून दिलेली टीम त्याच्या हातात आली, आणि आठ सामन्यांत त्याची गच्छंती झाली. मग व्हितोरिया गिमारायन्सहून रुई बोर्जेस आणला, अगदी बाहेरचा, आणि त्यानं लीग आणि पोर्तुगीज कप दोन्ही जिंकून दिले. म्हणजे घरचा म्हणून डोळे झाकून घ्या असं काही नाही. माझी समजूत अशी की परेरा क्लबचा असला तरी त्या ड्रेसिंग रूमचा नव्हता. बी टीमच्या पोरांसमोर उभं राहणं वेगळं, सीनियर पोरांसमोर वेगळं. घरचा म्हणजे त्या खोलीतला. एकाच गेटमधून आत येतो तेवढ्यानं भागत नाही.

आपल्याकडचं उदाहरण बघा. कोलकात्याच्या मोहन बागाननं जानेवारी २०२४ मध्ये कोच हुआन फेरांडोला काढलं, इंडियन सुपर लीगमध्ये तीन हारी ओळीनं झाल्यावर. त्यांनी आंतोनिओ हबासला बसवलं. तो आधीपासून तांत्रिक संचालक म्हणून तिथंच होता. एप्रिलमध्ये त्यांनी मुंबई सिटीला २-१ हरवून लीगमध्ये पहिल्या नंबरची शील्ड घेतली. पुढं प्लेऑफमधून मिळणाऱ्या कपच्या फायनलला मुंबईनंच त्यांना ३-१ धुतलं, त्याचा आनंद मला आजही आहे, पण तो वेगळा विषय.

आता आमचं.

पहिल्या वेळेचा बाहेरचा कोच वाईट होता असं चुकूनही समजू नका. उलट, मी बघितलेल्यांतला सगळ्यांत अभ्यासू तोच. वही असायची, प्रत्येक प्रॅक्टिसचा आराखडा असायचा. पोरांना त्यानं पहिल्यांदा शिकवलं की थ्रो-इन, म्हणजे बाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकणं, ही विश्रांती नसते. पहिले दोन सामने आम्ही हरलो नाही. नव्या माणसापुढं प्रत्येक जण छाती काढून पळतो, जुन्यानं बाहेर बसवलेल्याला वाटतं आता संधी आली. ही धाव साधारण दोन-तीन आठवडे टिकते, निदान आमची तेवढीच टिकली.

अडचण फोनची झाली.

त्याला कुणी ठाऊक नव्हतं. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, संध्याकाळी सहाच्या आत येऊ शकत नाही, कारण उद्यमनगरातली शिफ्ट सुटत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. दोन भाऊ टीममध्ये होते आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, हेही माहीत नव्हतं. तो मला विचारायचा, मी सांगायचो. चांगल्या मनानंच. आठवड्याभरात पोरांच्या लक्षात आलं की नव्या कोचच्या कानाचं दार माझ्या घरातून उघडतंय. मग रात्री साडेदहाला फोन सुरू. "दादा, रविवारी मी हाय न्हवं?" "दादा, मला राइटला टाकलंय, तेवढं बघा की." एकाचे तर वडील बोलले. मी आधी टाळायचो, मग "सांगून बघतो" म्हणायला लागलो, आणि सांगून बघतो म्हणणं हीच माझी घोडचूक.

एक प्रसंग डोळ्यांपुढून जात नाही. हाफ टाइम, आम्ही एक गोलनं मागं. कोच फरशीवर बसून पाण्याच्या बाटल्यांची टोपणं मांडून दाखवत होता की मधला एक जण मागं ये, दोन्ही बाजूचे वर जा. बरोबर सांगत होता. समोर कॅप्टन उभा, अंगावरून पाणी ओघळतंय. कोच म्हणाला, "समजलं?" कॅप्टननं मान डोलावली. पण डोलावण्याआधी त्यानं दाराकडं बघितलं, जिथं मी उभा होतो. अर्धा सेकंद असेल. कोचनं ते पाहिलं. त्यानं टोपणं गोळा केली, खिशात टाकली आणि दुसऱ्या हाफमध्ये बेंचवरून उठलाच नाही.

तो हंगाम आम्ही तळातून दुसरे आलो. डावपेच चुकले म्हणून नाही, असं माझं मत. कोच मध्येच काढून आम्ही पोरांना दाखवून दिलं होतं की खुर्ची कोण हलवतं, आणि बाहेरचा माणूस आणून त्या खुर्चीचे पाय आणखी हलके केले. वॉटफर्डच्या २०१९-२० च्या हंगामाकडं मी म्हणूनच वेगळ्या नजरेनं बघतो. एका हंगामात तीन मॅनेजर (तिकडं कोचलाच मॅनेजर म्हणतात) काढले, तिसरा नायजेल पिअर्सन, ज्यानं लिव्हरपूलला ३-० हरवलं होतं, त्याला तर दोन सामने राहिले असताना. शेवटी खाली गेलेच. पिअर्सन गेला त्या दिवशी तिथल्या पोरांनी कुणाकडं बघून मान डोलावली असेल, असं राहून राहून वाटतं.

दोन हंगामांनी दुसरी वेळ आली, तेव्हा मी कमिटीत असिस्टंटचं नाव घेतलं. सगळे त्याला मामा म्हणतात. लायसन्स नाही, इंग्रजी नाही, वही तर नाहीच. दोन जण उघड हसले. मामानं होकार देताना एकच अट घातली, की मॅनेजरनं बेंचवर बसायचं नाही, पायऱ्यांवर बसायचं. मला राग आला, खरं सांगतो. पण बसलो. रात्रीचे फोन तीन-चार आले. मी म्हणायचो, मामाला विचार. पुढं कुणी विचारलंच नाही, कारण मामा त्यांच्या घरी जाऊन, आईच्या हातचा चहा पिऊन सांगून यायचा की रविवारी तू बाहेर. नवा माणूस हे करूच शकत नाही. त्याला घर सापडेपर्यंत हंगाम संपतो.

मामाचे तोटेही पदरात घ्यावे लागतात. प्रॅक्टिस तीच जुनी: दोन चकरा, मग शूटिंग, मग आपसात मॅच. समोरच्यानं पद्धत बदलली की मामाकडं उत्तर एकच, "जोर लावा". ज्याच्याबरोबर तो स्वतः खेळला होता त्या सीनियर स्ट्रायकरला बाहेर काढायला त्याला पाच सामने लागले. पेठेतलं नातं मध्ये आलं की मामाचा आवाज बारीक व्हायचा. आणि नव्या माणसापुढची ती छाती काढून धावायची लाट मामाच्या वाट्याला आलीच नाही. पहिला सामना आम्ही ३-० हरलो. तरी हळूहळू गाडं रुळावर आलं, शेवटच्या सामन्यात बरोबरी साधून वाचलो. समोरच्या टीमला त्या सामन्यात मिळवायचं काही नव्हतं, हेही नोंदवून ठेवतो.

तर तुम्ही काय कराल? अर्धा हंगाम पुढं असेल, टीममध्ये पोरं नवी असतील, आणि असिस्टंट हा गेलेल्या कोचचाच माणूस असेल, म्हणजे त्याच्याबरोबर आलेला, तर बाहेरचा आणा. तसा असिस्टंट तुमच्या घरचा नसतोच. बाहेरचा आणलात तर पोरांचे नंबर त्याला द्या आणि तुमचा स्वतःचा फोन दोन महिने बंद ठेवा. हे कमिटीतल्या एकालाही जमणार नाही, मला माहीत आहे. म्हणूनच माझा कल मामाकडं. मामा असला की तुम्हाला फोन बंद ठेवावा लागत नाही, तो आपोआप वाजायचा थांबतो. आठ-दहा सामने राहिले असतील तर मी दुसरा विचारही करणार नाही.

२०१२ च्या चेल्सीचं उदाहरण तुमच्या बैठकीत कुणीतरी देणारच: असिस्टंट दी मातेओला बसवलं आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. द्यायला हरकत नाही. फक्त त्याच माणसाला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढलं, तेही सांगा. घरच्याला पुढं करताना जे आमच्याकडून राहिलं ते तुम्ही चुकवू नका. पत्रात तारीख लिहा. कुठल्या सामन्यापर्यंत, आणि त्यानंतर काय. आम्ही लिहिली नाही. मामाला वाटलं टीम आता त्याची. आम्ही मे महिन्यात दुसऱ्याशी बोलणी करून बसलो होतो, आणि हे त्याला आमच्याकडून नाही, पानाच्या टपरीवर कळलं. आता संध्याकाळी रंकाळ्यावर दिसला तर हात करतो. चहाला म्हटलं की मात्र, "नंतर कधीतरी", असं म्हणून पुढं चालायला लागतो.