बूट काढल्यावर: मोजे की प्लास्टिकची आवरणे?
अमेरिकेतील विमानतळांवर सुरक्षा तपासणीत २००६ पासून असलेली बूट काढण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये उठली असली, तरी यंत्राने इशारा दिल्यास ते अजूनही काढावे लागतात; म्हणून लेकीकडे निघालेल्या मावशींनी विचारले, की सुती मोजे बरे की पायांवर चढवायची पातळ प्लास्टिकची आवरणे? खर्च दोन्हींचा किरकोळच. आवरण ओल अडवते, पण गुळगुळीत फरशीवर घसरते आणि एकदा वापरून फेकावे लागते. मोजा धुता येतो; मात्र तो भिजतो, आणि बोटांच्या बेचक्यातील बुरशीला ओलच मानवते, त्यामुळे तपासणीच्या पलीकडे गेल्यावर जोडी बदलावी (तोच दमट मोजा बुटात कोंबून चौदा तास बसणे हा खरा गलथानपणा). बहुतेकांना जाड मोजे व एक सुटी जोडी पुरे. मधुमेह किंवा पायाला जखम असलेल्यांनी मोज्यावरून आवरण चढवून सावकाश चालावे.